लॅपटॉपवर विंडोज कंटेनर आणि 'फक्त दोनच'वाली परमिशन

डॉटनेट फ्रेमवर्कचं जुनं ॲप कंटेनरमध्ये (ॲप आणि त्याला लागणाऱ्या फाइल्स एकत्र बांधलेलं, बाकीच्यांपासून वेगळं चालणारं पॅकेज) टाकून लॅपटॉपवर चालवायचं, एवढंच काम होतं. ते चाललं पण. वैताग आला तो परमिशनसाठी कंपनीतल्या सॉफ्टवेअर कंप्लायन्सवाल्यांकडे (लायसन्सचे नियम तपासणारी टीम) टाकलेल्या तिकिटाचा, आणि अजून डोकं शांत झालेलं नाहीये म्हणून हे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विंडोज कंटेनर दोन पद्धतीने चालतात. हायपर-व्ही आयसोलेशनमध्ये प्रत्येक कंटेनरला स्वतःची छोटी व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर) आणि वेगळा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मिळतो, प्रोसेस आयसोलेशनमध्ये कर्नल होस्टचाच, म्हणजे मूळ मशीनचाच वापरतात. विंडोज 10 किंवा 11 वर काहीच सांगितलं नाही तर हायपर-व्ही. आता माझ्या पाच-सहा सर्व्हिसेस, प्रत्येकीची वेगळी व्हीएम आणि लॅपटॉपला रॅम 16 जीबी, म्हणजे ब्राउझर उघडला की पंखा सुरू. म्हणून मला प्रोसेस आयसोलेशन हवं होतं.

डॉकर डेस्कटॉपच्या (कंटेनर चालवायचं सॉफ्टवेअर) सबस्क्रिप्शनचा काही त्रास झाला नाही. 250 पेक्षा जास्त कर्मचारी किंवा वर्षाला 1 कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपनीला ते विकत घ्यावं लागतं, आमच्याकडे ते आधीच घेतलेलं होतं.

मग ते तिकीट. फॉर्ममध्ये 'कंटेनरची संख्या' असा रकाना, मी खरं ते भरलं. उत्तर आलं: स्टँडर्डला जास्तीत जास्त 2 कंटेनर, संख्या कमी करा. आणि तिकीट क्लोज! अहो, पण ते 2 कुठलं? विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं. तिथे प्रोसेसरच्या सगळ्या कोअर्सचं लायसन्स घेतलं की हायपर-व्ही आयसोलेशनचे 2 कंटेनर चालतात, प्रोसेस आयसोलेशनचे तिथेसुद्धा हवे तेवढे, आणि डेटासेंटर एडिशनला दोन्ही अमर्याद. माझ्या लॅपटॉपवर विंडोज 11 प्रो आहे. त्याचा त्या सर्व्हरच्या नियमाशी संबंधच काय?

तिकीट परत उघडलं, लिहिलं की मला प्रोसेस आयसोलेशन पाहिजे. तर म्हणे क्लायंट विंडोजवर (म्हणजे सर्व्हर नसलेल्या, 10-11 सारख्या विंडोजवर) ते अलाउडच नाही. त्यांच्याकडे कुणीतरी कधीकाळी सेव्ह करून ठेवलेली नोट होती आणि तेव्हा ते खरंही होतं, कारण 2018 च्या शेवटापर्यंत क्लायंट विंडोजवर फक्त हायपर-व्हीच चालायचं. विंडोज 10 ची 1809 आवृत्ती आणि डॉकर इंजिन 18.09 आल्यापासून प्रोसेस आयसोलेशन चालतं, अट एकच, फक्त डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगसाठी. म्हणजे हायपर-व्ही मागितलं तर दोनच, प्रोसेस मागितलं तर शून्य. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमधला या बदलाचा परिच्छेद जोडला तरी तिकीट 'अंडर रिव्ह्यू'मध्येच पडून. शेवटी त्या टीमच्या मॅडमना थेट कॉल केला आणि स्क्रीन शेअर केली. कंटेनरमध्ये पिंग (नेटवर्क तपासायची साधी कमांड) चालू ठेवलं आणि माझ्याच टास्क मॅनेजरमध्ये ती पिंगची प्रोसेस दाखवली, हायपर-व्हीमध्ये ती तिथे दिसत नाही. मॅडम म्हणाल्या, "मग ही व्हीएम नाहीच का?" नाही मॅडम, तेच तर किती दिवस लिहितोय! त्यांनी एक प्रश्न मात्र बरोबर विचारला, की ग्राहकाला डेमो याच लॅपटॉपवरून द्यायला लागलात आणि त्यांनी त्यावर खरं काम सुरू केलं तर? ते डेव्ह-टेस्टमध्ये बसत नाही, ते सर्व्हरवरच गेलं पाहिजे. मॅनेजरकडून 'फक्त डेव्ह-टेस्ट' अशी एका ओळीची मेल घेतली आणि संध्याकाळपर्यंत अप्रूव्ह. कॉल पहिल्याच दिवशी लागला असता तर हे सगळं चहाच्या वेळेत उरकलं असतं.

तुम्ही तिकीट टाकाल तेव्हा पहिल्याच ओळीत होस्टची एडिशन, आयसोलेशनचा प्रकार आणि 'नॉन-प्रॉडक्शन' हे तिन्ही लिहा. संख्येचा रकाना आला तरी हे आधी दिसलं पाहिजे.

परमिशन मिळाल्यावर डॉकरच्या रन कमांडला आयसोलेशन प्रोसेस द्या, किंवा डीमनच्या (मागे सतत चालणारी डॉकरची सर्व्हिस) जेसन फाइलमध्ये एक्झेक-ऑप्ट्समध्ये एकदाच टाका. डॉकर इन्स्पेक्ट कमांडमध्ये आयसोलेशन काय दिसतंय ते बघून घ्या. प्रोसेस आयसोलेशनला इमेजची (ज्यावरून कंटेनर बनतो ती तयार फाइल) विंडोज आवृत्ती होस्टला चालणारी असावी लागते, त्यामुळे विंडोज 11 वर सर्व्हर 2019 ची इमेज हायपर-व्हीनेच चालेल, 2022 ची घेतली तर प्रोसेसने चालते.

आणि हो, परमिशनची वाट बघत हायपर-व्हीवरच इमेज बनवत (बिल्ड करत) असाल तर कंटेनरला आपोआप 1 जीबीच मेमरी मिळते, बिल्ड मध्येच मरतं, मेमरी हाताने वाढवून द्या. विंडोज होम असेल तर या भानगडीतच पडू नका, त्यावर विंडोज कंटेनर चालत नाहीत, आधी प्रो मागा. त्याचं तिकीट वेगळं.