चहातला च की चमच्यातला?

पत्रकारिता शिकणारी मुलं भेटली की हमखास विचारतात, "तुम्ही पेपरातही होतात आणि रेडिओवरही. जास्त अवघड काय?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रेडिओ.

१९९३ साली मी सोलापूरला एका दैनिकात उपसंपादक होते. अनंत चतुर्दशीची रात्रपाळी होती. विसर्जन मिरवणुकीचे फोटो लावून पान छपाईला सोडलं, घरी आले, जेमतेम डोळा लागला होता. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या फडताळातली भांडी खाली आली. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीच्या गाड्या तोवर कधीच निघून गेल्या होत्या. सकाळी अख्खा वाडा शेजारच्या काकांच्या ट्रान्झिस्टरभोवती उभा होता आणि माझ्या हातात मिरवणुकीचा अंक होता. पुढे मृतांच्या याद्या लावताना एकेक नाव दोनदा तपासायची सवय पेपरनेच लावली, हेही खरं. पण ती सकाळ डोक्यातून जाईना. पुढच्या वर्षी आकाशवाणीत नैमित्तिक वृत्तनिवेदक म्हणून परीक्षा दिली.

तिथे लिहिणंच बदललं. पेपरात '१,२३,४५० हेक्टर' चालतं. रेडिओवर 'सुमारे सव्वा लाख हेक्टर' म्हणायचं. वाचणारा मागची ओळ पुन्हा बघू शकतो. भाकरी थापत ऐकणाऱ्या बाईला ती सोय नाही. वाक्य पहिल्या फटक्यात पोचलं पाहिजे. कागद पाठकोरे, सुटे, कारण पान उलटल्याचा आवाजही माईक पकडतो.

आणि उच्चार! छापताना च म्हणजे च. बोलताना तो चहातला की चमच्यातला? ज जन्मातला की जखमेतला? एकदा नदीत नाव उलटून माणसं बुडाल्याची बातमी होती. गावाच्या नावातला च मी चहातला केला. चार दिवसांनी पोस्टकार्ड आलं: 'ताई, आमच्या गावावर एवढं दुःख कोसळलं आणि रेडिओवर नाव आलं ते आमचं वाटलंच नाही.' खाली सही एका आजोबांची, थरथरत्या अक्षरातली.

छापलेल्या चुकीचा खुलासा दुसऱ्या दिवशी छापता येतो. या चुकीचं काय करणार? मी त्यांना उत्तर लिहिलं, माफी मागितली.

तेव्हापासून अनोळखी गाव आलं की आधी तिथल्या पोस्टात नाहीतर ग्रामपंचायतीत फोन लावायचे. "तुमच्या गावाचं नाव एकदा म्हणून दाखवता का?" पलीकडचा माणूस क्षणभर थांबायचा. मग घसा खाकरून, सावकाश, दोनदा म्हणायचा.