तेव्हाच का नाही बोललात?

मेलबर्नच्या मराठी मंडळींत परवा परत कोणीतरी गोड शब्दांत विचारलं, वसतिगृहात एवढं होत होतं तर तेव्हाच का नाही बोललात? तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

आम्हाला विचारायला साहेब आले होते की. कोणीतरी निनावी पत्र टाकलेलं. आदल्या रात्री नव्या चादरी निघाल्या, सकाळी शिरा, तोही तुपातला, मग व्हरांड्यात उंचीप्रमाणे रांग आणि साहेब खुर्चीत पोहे खातखात विचारतायत, काय रे पोरांनो, काही त्रास? आणि त्यांच्यासाठी चहाचा कप धरून शेजारी उभं कोण, तर ज्यांच्याबद्दल पत्र होतं ते अधीक्षक सरच. सगळे एका सुरात, नाही सर. साहेबांनी शेरा लिहायला पेनही सरांचंच घेतलं. जीप गेली आणि रात्री पत्र कोणी लिहिलं त्याचा शोध सुरू झाला. त्या रात्रीचं मी लिहिणार नाही. तो सापडला, दिवाळीनंतर परत आलाच नाही. तेव्हाच बोलणाऱ्याचं हे झालं.

घरी सांगायचं म्हणाल तर बाप ऊसतोडीला, दोन वेळचं जेवण मिळतंय म्हणून तर मला तिथे ठेवलेलं.

इथे ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ संस्थांमधल्या मुलांच्या लैंगिक शोषणावर रॉयल कमिशन, म्हणजे सरकारने नेमलेला चौकशी आयोग, चाललं, ८,००० वर लोकांना बंद खोलीत भेटून ऐकलं, शपथ नाही, उलटतपासणी नाही. त्या लोकांना पहिल्यांदा तोंड उघडायला सरासरी जवळपास २४ वर्षं लागली होती. म्हणजे मी काही जगावेगळा नाही. (हे वाचून बरं वाटलं, मग रागही आला की त्यासाठी परक्या देशाचा आकडा लागावा.) मला तिथे जाता येत नव्हतं, माझं वसतिगृह त्यांच्या कक्षेतच नाही.

आधी मीच म्हणायचो की चौकशी म्हणजे नुसते कागद काळे करणं. १७ खंडांचा रिपोर्ट, कमिशनने भरपाई २ लाख डॉलरपर्यंत म्हटली, सरकारने दीड लाखावर आणली. अजूनही अर्धं तसंच वाटतं. पण त्या खोलीत अधीक्षक नसतो, हा फरक लहान नाही. तशा खोलीत मी बोललो असतो? सांगता येत नाही, कदाचित तिथेही नाही सरच म्हणालो असतो.

आणि नाव विचारू नका. सर वारले, पण त्यांची मुलं गावातच आहेत आणि माझी आईही.