लेनर्डला का मारलं?

‘हॉवर्ड्स एंड’ नुकती वाचून संपवलेली माणसं मला गाठून विचारतात, “फॉर्स्टरनं त्या बिचाऱ्या लेनर्डला का मारलं हो?” सूर असा, की जणू सुपारी मीच दिली होती.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. १९१० ची इंग्रजी कादंबरी. (लेखक तोच, जो पुढे देवासच्या महाराजांच्या पदरी चिटणीस होता.) मार्गारेट आणि हेलन या श्लेगेल बहिणींकडे वडिलार्जित पैसा आणि पुस्तकं, विल्कॉक्स मंडळींकडे धंदा आणि मोटारी. लेनर्ड बास्ट लंडनच्या एका विमा कंपनीतला कारकून. हॉवर्ड्स एंड हे मिसेस विल्कॉक्सचं माहेरचं घर. शेवटी तिथंच लेनर्डला तलवारीच्या पात्यानं मारहाण होते, तो पुस्तकांच्या कपाटाला धरायला जातो, पुस्तकं अंगावर कोसळतात आणि त्याचं दुबळं हृदय बंद पडतं. घर पुढे त्याच्या आणि हेलन श्लेगेलच्या मुलाला मिळणार असतं.

मला वाटतं, फॉर्स्टरला लेनर्डचं मूल त्या घरात हवं होतं. खुद्द लेनर्डला तिथं बसवायचं कुठं, हे त्याला सुचलं नाही. अगदी गरिबांशी आपल्याला कर्तव्य नाही, असं तो कादंबरीतच सांगून टाकतो. वाचक चिडतात ते उगाच नाही. कथालेखिका कॅथरिन मॅन्सफिल्डनं तर डायरीत लिहून ठेवलंय, की हेलनला दिवस गेले ते लेनर्डपासून की त्या विसरलेल्या छत्रीपासून, नक्की सांगता येत नाही; बहुधा छत्रीच असावी!

पण त्या छत्रीच्या प्रसंगात फॉर्स्टरची नजर पक्की आहे. क्वीन्स हॉलमध्ये बीथोव्हेनची पाचवी सिंफनी संपताच हेलन चुकून लेनर्डची छत्री घेऊन जाते. ती परत आणायला तो मार्गारेटबरोबर निघतो. ती बोलतेय संगीतावर, याच्या डोक्यात छत्री, आणि वर संशय, की ही बाई आपल्याला गंडवत तर नाही ना. घरी पोचल्यावर हेलन एक छत्री उचलते, शिवणी उसवलेल्या बघते आणि म्हणते, काय भयंकर छत्री आहे, माझीच असणार.

ती असते लेनर्डची.

मला मात्र त्याच्या मरणापेक्षा त्याची नोकरी जास्त झोंबते. तुमच्या मित्राची कंपनी बुडणार, असं मिस्टर विल्कॉक्स श्लेगेल बहिणींना सहज बोलून जातात. बहिणींच्या सांगण्यावरून लेनर्ड ती सोडून कमी पगारावर बँकेत लागतो, तिथं कपात होते आणि तो रस्त्यावर येतो. पहिली कंपनी ठणठणीत. आणि विल्कॉक्ससाहेब? यात दोष कोणाचाच नाही म्हणतात, आणि मोकळे होतात.