पाणी असेल ना?

घरच्यांना माझ्या भरती-ओहोटीच्या वेडाची गरज वर्षातून एकदा लागते, चवथीत, विसर्जनाच्या आदल्या रात्री. काका विचारतात, "बाय, उद्या पाणी असेल ना?" त्यांना हो किंवा नाही एवढंच हवं असतं. मला मात्र सांगायचं असतं की दीड दिवसाचा गणपती साधारण पंचमीला जातो, पंचमीची भरती दुपारीच येऊन जाते, म्हणजे आरत्या लांबल्या तर पायऱ्यांखालचा चिखल उघडा पडणार. पाच दिवसांचा जातो अष्टमीच्या आसपास. तेव्हा भांगाची भरती, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अनंत चतुर्दशीला पौर्णिमा तोंडावर आलेली, म्हणून उधाण: संध्याकाळी नदी पार खाली आणि रात्री काठोकाठ. मी पंचमीपर्यंत पोचते तोवर काका "बरं बरं" म्हणत माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बघायला उठलेले असतात.

आमचं गाव फोंडा तालुक्यात, जुवारीच्या काठाला. मी पणजीत एका खासगी कचेरीत हिशेब बघते. वय चाळिशीपार. ऑटिझम असल्याचं निदान पस्तिशीनंतर झालं, त्याआधी मी 'विचित्र', 'घुमी' आणि 'एकदा सुरू झाली की थांबत नाही' अशी तिन्ही होते. घुमी आणि न थांबणारी एकाच वेळी कशी, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

वेडाची सुरुवात मानशीपासून झाली. खाजन म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती; तिच्या बांधात पाण्याला वाट ठेवलेली असते ती मानस. तिची लाकडी दारं अशी बसवलेली असतात की भरतीचं खारं पाणी बाहेरून दाबू लागलं की ती आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून नदीत उतरतं. माणसाचा हात न लागता. लहानपणी मी दार मिटण्याचा तो क्षण बघायला बसायचे: आधी प्रवाह मंदावतो, मग फळीभोवतीचा पालापाचोळा जागच्या जागी फिरू लागतो, मग फळी एकदा हलते, परत येते, आणि 'धप्प' करून घट्ट बसते. मग मी घड्याळ बघायचे. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून दुसऱ्या दिवशी तोच 'धप्प' जवळपास 50 मिनिटं उशिरा. शाळेत कुणी काय बोलेल याचा मला कधीच अंदाज आला नाही. याचा यायचा.

मानशीवर एक म्हातारे भाऊ असायचे. ओहोटीला दारात जाळं लावून मासे धरायचा हक्क लिलावात घेतलेला. शेवटे, सुंगटां, कधी चणक. "आयलें गो बाय?" म्हणायचे आणि पुन्हा पाण्याकडे बघायचे. मीही पाण्याकडेच बघायचे. एकमेकांच्या तोंडाकडे बघायची सक्ती नसली की मला किती छान बोलता येतं हे मला तिथे कळलं. मी मोठी झाल्यावर भरती-ओहोटीचे छापील तक्ते घेऊन गेले, तर ते म्हणाले, "मुरगांवचें उदक हांगा पावपाक वेळ लागता." तक्त्यातली वेळ मुरगाव बंदराची, नदीत आत यायला पाणी वेळ घेणारच. किती वेळ, ते दोघांनी मिळून पडताळायचं ठरवलं. वही माझी, बोट त्यांचं: फळीवर टेकवून पाणी कुठल्या बाजूने दाबतंय ते सांगायचे. काही वर्षं चाललं हे. ती माझी मैत्री होती, असं मी आज म्हणेन. तेव्हा लोक म्हणत, हिला मैत्रिणीच नाहीत.

पुढे लिलाव दुसऱ्याकडे गेला. जास्त मासळी आत यावी म्हणून तो भरतीलाही दारं उघडी ठेवू लागला, हे गोव्यात बऱ्याच खाजनांत झालंय. खारं पाणी आत राहिलं, बांध खचला, खारी जमीन सोसणारं कोरगुट भातही तिथे होईना. भाऊ मुलीकडे राहायला गेले. माझ्या वह्या भरतच होत्या, पण त्या दाखवायला कुणी उरलं नाही. एकटेपणा मला तिथून सुरू झालेला आठवतो. त्याआधीच्याला मी तसं म्हणणार नाही.

म्हणून 'छंदामुळे ही मुलं एकटी पडतात, छंद कमी करा' हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. 1943 साली बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 11 ऑटिस्टिक मुलांचं वर्णन लिहिलं तेव्हापासून एकटेपणा जणू आमच्या आतच असतो असं धरलं गेलं. संशोधक डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी 2012 मध्ये म्हटलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांत न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. 2020 मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे पुढे सांगायला लावून पाहिली. सगळे ऑटिस्टिक असले तर ती तितकीच नीट पोचते जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असल्यावर. मिसळले की गळते. डायना मरी आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये ऑटिस्टिक माणसाचं लक्ष कसं चालतं याबद्दल मांडलेलं मला तर मानशीसारखंच वाटतं: इतरांच्या बांधाला बरीच दारं, माझ्याला एकच, आणि सगळं पाणी तिथूनच ओढ घेतं.

याला 'दैवी देणगी' वगैरेही कुणी म्हणू नये. अमावास्येच्या उधाणात मी जेवण विसरते. कचेरीत दुपारच्या डब्याला मी आता हवामानापलीकडे बोलत नाही, आणि संध्याकाळी त्या गप्प राहण्यानंच अंग मोडून येतं.

जानेवारी 2023 मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे अपंग व्यक्तींचा महोत्सव, भरला, तिथे एक मुलगा भेटला. माझ्यापेक्षा बराच लहान. त्याचा विषय कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बस. महामंडळ 1980 सालचं, तिथपासून त्याला सगळं पाठ. गिअर बदलल्याच्या आवाजावरून बस ओळखतो. ओळख करून न घेताच त्याने सुरू केलं. संपल्यावर म्हणाला, "आता तुमचं." इतकं साधं वाक्य मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं.

आता आम्ही अधूनमधून रविवारी पणजीच्या स्टँडवर भेटतो. आधी तो, मग मी. कंटाळा आला तर तसं सांगायची मुभा आहे, आणि तो सांगतो. मागच्या खेपेला त्याने विचारलं, ओहोटीला फेरीबोटीच्या धक्क्यावर गाड्या हळू चढतात, त्यामुळे पलीकडची बस चुकत असेल ना? उधाणाच्या ओहोटीला जास्त? यावर माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं. बोलता बोलता त्याची बस सुटून गेली. पुढची कितीला आहे, कुठल्या फलाटावर आणि ड्रायव्हर कोण असेल, हे त्याला अर्थातच माहीत होतं.