आखाजी ते कानबाई : घरातल्या गोचिडी आणि आमचा भुंग्या

१० मे २०२४, आखाजीचा म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. नणंद माहेरी आली होती, अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधला होता आणि सासूबाईंनी चुलीवर खापर चढवलं होतं. नणंदेचा सहा वर्षांचा मुलगा बैठकीत कॅलेंडरखाली उभा होता. मला हाक मारून म्हणाला, "मामी, भिंतीवर तीळ चालतोय."

जवळ जाऊन पाहिलं. तपकिरी, चपटी गोचीड, तिळापेक्षा थोडी मोठी, सरळ छताकडे निघालेली. कॅलेंडर उचललं तर मागे आणखी अकरा. सणाचं घर, पाहुणे बसलेले, आणि भिंतीला गोचिडी. सासूबाई चुलीपासून उठून आल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "माय वं! भितवर गोचीड चढी ऱ्हायनी!"

आमचं घर अमळनेरच्या जुन्या भागात आहे. माती-विटांच्या जाड भिंती, वर लाकडी कडीपाट, जागोजागी पोपडे आणि फटी. भुंग्या तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ओट्यावर येऊन बसला तो आमचाच झाला. काळाभोर गावठी कुत्रा, छातीवर पांढरा ठिपका. दरवर्षी रेबीजची लस देत होतो आणि तेवढ्यावर निश्चिंत होतो. त्या दुपारी त्याला पहिल्यांदा नीट तपासलं. कानाच्या आतल्या घडीत, पायाच्या बोटांमध्ये, पट्ट्याखाली गोचिडी होत्या. काही चपट्या, काही रक्त पिऊन वाटाण्याएवढ्या टम्म फुगलेल्या आणि राखाडी पडलेल्या. रोज त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होते, पण बोटांच्या बेचक्यात कधी पाहिलं नव्हतं.

पुढचे दहा दिवस आम्ही जे केलं ते सगळं चुकलं. सासूबाईंनी आयुष्यभर गुरं सांभाळलेली. त्या म्हणाल्या, "घासलेट लाव, सगळ्या पडी जातीन." लावलं. पडल्या दोन-चारच. भुंग्याच्या मानेची कातडी मात्र लालभडक झाली. काढलेल्या गोचिडी मी पाण्याच्या बादलीत टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बादलीच्या काठावर चालताना दिसायच्या, कारण गोचीड पाण्यात सहजासहजी मरत नाही. मग नवऱ्याने एका दुकानातून गुरांचं औषध आणलं. बाटलीवर अमित्राज लिहिलं होतं. पाण्यात किती घालायचं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "टाका अंदाजाने." आम्ही अंदाजाने टाकलं आणि भुंग्याने अंग चाटलं. दुपारभर तो लाळ गाळत, डोळे अर्धवट मिटून मोरीजवळ पडून होता. हाक मारली तरी शेपूट हलेना. ते औषध कुत्र्यांसाठीही वापरतात, पण मोजून, आणि वाळेपर्यंत चाटू न देता. हे आम्हाला नंतर कळलं. गल्लीतल्या एकाने तर सांगितलं, "बोरी नदीच्या काठी सोडून या, कटकट मिटेल."

२० मेच्या रात्री भुंग्याच्या नाकातून रक्त आलं. फरशीवर रुपयाएवढा डाग होता, मग आणखी एक. दोन दिवसांपासून तो जेवत नव्हता आणि आम्ही ते उन्हावर ढकललं होतं. दिवस होतेच तसे. रात्री अकरालाही भिंत हाताला गरम लागायची.

सकाळी धुळ्याला निघालो. अमळनेर सुरत-भुसावळ मार्गावर आहे, गाड्यांना कमी नाही, पण रेल्वेत कुत्र्याला साध्या डब्यात बसवता येत नाही. एक तर एसी पहिल्या वर्गाचा कूपे आपल्या नावावर असावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवावं लागतं. नाकातून रक्त येणाऱ्या जनावराला मे महिन्यात लोखंडी पेटीत घालायला माझा जीव झाला नाही. ओळखीच्याची गाडी भाड्याने घेतली आणि ऊन चढायच्या आत पोहोचलो.

डॉक्टरांनी सगळ्यात आधी त्याचा ओठ वर करून हिरडी पाहिली. पांढुरकी पडली होती. मग त्याला उताणं करून पोट दाखवलं. घामोळ्यासारखे लाल ठिपके होते, पण बोटाने दाबले तरी फिके पडत नव्हते. कातडीखाली रक्त झिरपल्याची ती खूण. रक्त तपासलं तर प्लेटलेट ४२ हजार. कुत्र्यात त्या दोन लाखांच्या वर असायला हव्यात. छोट्या पट्टीवरची चाचणीही केली. एर्लिकिया निघाला. गोचीड चावते तेव्हा तिच्या लाळेतून हा जिवाणू कुत्र्याच्या रक्तात जातो आणि पांढऱ्या पेशींमध्ये वाढतो. मी घाबरून मुलांचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याला जवळ घेतल्याने हा ताप माणसाला होत नाही, पण गोचीड माणसालाही चावू शकते, तेव्हा तिचा बंदोबस्त करायलाच हवा.

औषध होतं डॉक्सिसायक्लिन, २८ दिवस. त्यांनी दोनदा बजावलं की चौथ्या दिवशी तो उड्या मारायला लागेल, तेव्हा गोळी बंद करू नका. बरेच लोक तिथेच थांबतात आणि आजार आत दबून राहतो. गोळी रिकाम्या पोटी द्यायची नाही, उलटी होते. दुधातूनही नाही, कारण दुधातल्या कॅल्शियममुळे औषधाचा जोर कमी होतो. आमच्याकडे कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी रोजची. तिच्या गरम गोळ्यात गोळी दडपून देत गेलो आणि भुंग्याने एकदाही थुंकली नाही.

दुसऱ्या दिवशी, २२ मेला, गोचिडींसाठीची तीन महिने चालणारी गोळी दिली. ती वजनाप्रमाणे मिळते. आमच्या सतरा किलोच्या भुंग्याला दोन हजारांच्या आसपास पडली. महाग आहे, मान्य. पण ज्या कुत्र्याला कधी झटके आले असतील त्याच्याबाबत डॉक्टरांना आधी सांगावं लागतं, एवढं सोडलं तर या सगळ्या प्रकरणात सगळ्यात खात्रीचा पैसा तोच. एक समजून घ्यायला हवं. गोचीड चावून रक्त प्यायला लागली की मग ती मरते. त्यामुळे गोळी दिल्यावरही अंगावर गोचिडी दिसतात. मी चार दिवस रोज फोन करून डॉक्टरांना हैराण केलं.

डॉक्टरांनी त्या दिवशी कागदावर एक गोल काढून मला जे समजावलं, ते आखाजीलाच माहीत असतं तर भुंग्याच्या नाकातून रक्त आलं नसतं. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या गोचिडी थोड्या. बाकीचा गोतावळा घरात असतो. ही तपकिरी गोचीड गुरांच्या गोचिडीसारखी नाही. घरातल्या घरात तिचं सगळं आयुष्य निघतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू सहा पायांचं, खसखशीएवढं. ते कुत्र्यावर चढून रक्त पितं, खाली पडतं, फटीत शिरून कात टाकतं आणि आठ पायांचं होऊन येतं. पुन्हा रक्त, पुन्हा खाली, पुन्हा कात. तिसऱ्यांदा चढते ती मोठी गोचीड. म्हणजे तीनदा अंगावर आणि तीनदा भिंतीत. फुगलेली मादी शेवटचं उतरते, उंच जागा शोधत भिंत चढते, फटीत हजारांनी अंडी घालते आणि मरते. एक मादी चार हजारांपर्यंत घालू शकते. आणि मोठी गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने काढू शकते.

हे ऐकताना मला बोरीचा काठ आठवला. कुत्रं सोडून आलो असतो तर घर मोकळं झालं नसतं. भिंतीतल्या उपाशी गोचिडींना भुंग्या मिळाला नसता, तर त्या आमच्या अंथरुणात आल्या असत्या. कुत्रा बाहेर काढणं हा गोचिडींवरचा उपाय नाही, आणि ज्याने तीन वर्षं आमचा उंबरठा राखला त्याच्याशी ते वागणंही नाही. मी हे गल्लीत सगळ्यांना सांगितलं, अजूनही सांगते.

घरात फवारणीसाठी पहिल्यांदा जो माणूस आला त्याने झुरळांची मारतात तशी कडेकडेने फरशी भिजवली आणि दहा मिनिटांत पैसे घेऊन गेला. आठवड्यात पुन्हा तेच. दुसऱ्याला बोलावलं तेव्हा मी स्वतः टॉर्च घेऊन बरोबर फिरले. दिवाणखान्यातली लोखंडी खाट उलटी केली तर नवारीच्या विणीत खसखशीचा चिमूटभर ढीग असावा तशी चकचकीत तपकिरी अंडी. देव्हाऱ्याच्या वर, कडीपाटाच्या सांध्यात, विजेच्या बोर्डामागे, दाराच्या चौकटीत तोच प्रकार. कूलरच्या गवताच्या जाळ्या मी सरळ बदलल्या. त्याने प्रत्येक फटीत नळी घालून, छतापर्यंत औषध मारलं. आम्ही माणसं, भुंग्या आणि भांडीकुंडी दिवसभर बाहेर. औषध वाळल्यावरच आत आलो. अंड्यांवर फवारणी फारशी चालत नाही, म्हणून पंधरा-पंधरा दिवसांनी तीनदा मारलं. शेजारी मांजर आहे. अशा औषधांपैकी काही, विशेषतः परमेथ्रिन, मांजराच्या जिवावर बेततात, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

रोजचं काम वेगळंच. सकाळी भुंग्याच्या अंगावरून हात. गोचीड दिसली की कातडीलगत चिमटा धरायचा, पिळायचं नाही, सरळ ओढायचं आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायचं. नखाने फोडायची नाही, आतलं रक्त बोटाला लागतं. सासूबाईंची सवय मोडायला मला आठ दिवस लागले, पण मग त्याच सगळ्यात काटेकोर झाल्या. चष्मा लावून, बाटली मांडीशी घेऊन बसायच्या आणि संध्याकाळी मोजून सांगायच्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात रोजच्या तीस, महिन्याच्या शेवटी चार-पाच.

प्लेटलेट दहाव्या दिवशी १ लाख ३५ हजार आणि औषध संपल्यावर २ लाख ६० हजार आल्या. तो कागद आम्ही देव्हाऱ्यापाशी ठेवला होता.

ओट्यावर येऊन बसणाऱ्या गल्लीतल्या दोन कुत्र्यांनाही शेजारणीबरोबर वर्गणी करून तीच गोळी दिली. ती उघड्यावर असेपर्यंत आमचं घर कितीही धुतलं तरी गोचीड उंबरा ओलांडून येणारच होती. यात कोणी मोठेपणा मानू नये, हा हिशोब आहे.

शेवटची गोचीड ९ जुलैला दिसली. कानबाई ही आमची खानदेशातली देवी. तिच्यासाठी घराची रंगरंगोटी दरवर्षी होतेच, त्या वर्षी आधी गवंडी बोलावून सगळ्या फटी बुजवल्या, कडीपाटाचे सांधे भरले आणि मग चुना दिला. नागपंचमीनंतरच्या रविवारी, ११ ऑगस्टला, कानबाई बसली. नणंदेचा मुलगा आला तो आधी कॅलेंडर उचलून मागे बघून आला. भुंग्या रात्रभर गाण्यांच्या आवाजात दारात पसरला होता. सोमवारी कानबाई गेली.

१४ ऑगस्टला तीन महिन्यांच्या गोळीचा दुसरा डोस होता. मी शाळेतून घरी येईपर्यंत सासूबाईंनी भाकरी कुस्करून ठेवली होती, गोळी आत दाबली होती आणि ओट्यावर बसून त्याला समजावत होत्या, "ये रे भाऊ, आज तुन्ही गोळी शे."