चार वरंबे रताळी आणि एक वही

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बेळगावला मावशीकडं गेले होते. दसऱ्याची सुट्टी लागायला दोनतीन दिवस होते. तिच्या ओळखीच्या एक बाई पश्चिम भागातल्या एका सरकारी मराठी शाळेत शिकवतात, त्यांचा रात्री फोन आला, "उद्या आमची पोरं रताळी काढणार आहेत, येतीस काय बघायला?" शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही आणि मुलांचे फोटोही टाकलेले नाहीत, त्यांना न विचारता टाकणं बरोबर नाही.

सकाळी सीबीटी बसस्टँडवरनं लाल बस पकडली. मावशीनं आधार कार्ड दाखवलं आणि शून्य रुपयाचं तिकीट घेतलं, कर्नाटकात २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकांना साध्या बसला पैसे पडत नाहीत, माझं आधार पुण्याचं त्यामुळं माझं पूर्ण तिकीट. हिंडलगा गेलं, सुळगा गेलं आणि बाहेरची माती तांबडी दिसायला लागली. खाली भात पोटरीला आलेलं आणि जरा उंचावरच्या माळात नुसती रताळ्याची वेल पसरलेली. असंच पुढं बाचीपर्यंत गेलं की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र, पण माती तीच, भात तेच, बोलणंही तेच.

शाळेच्या मागं दोन गुंठ्यांच्या आसपास जागा. एका कडेला शेवगा, पपई आणि पालकाचे दोन वाफे, त्यांना अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, स्वयंपाकघरातलं तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी जातं. मधोमध रताळ्याचे चार वरंबे, सगळे एकाच मापाचे आणि प्रत्येकाच्या टोकाला खडूनं नंबर घातलेली फरशी. एकाला काहीच घातलेलं नव्हतं, दुसऱ्याला शेणखत, तिसऱ्याला शेणखत आणि वर युरिया, चौथ्याला मुलांनीच केलेलं गांडूळखत. वेलीचे तुकडे चारही ठिकाणी सारखेच, जूनमध्ये एकाच दिवशी लावलेले.

हे सगळं बघून आधी मला माझी शाळा आठवली. तिथं बाग म्हणजे शिक्षा होती. गृहपाठ नाही केला की जा गवत काढ, आणि ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनाच जास्त वेळा धाडायचे कारण "तुम्हाला सवय आहे". मुलांच्या हातात खुरपं बघितलं की अजून पोटात गोळा येतो माझ्या, म्हणून मी बाईंना सरळ विचारलं, ही पोरं घरी भांगलण करून येतात, इथं परत तेच कशाला? बाई म्हणाल्या, "आधी वही बघ, मग बोल."

वही म्हणजे दोनशे पानी साधी वही, ब्राऊन कव्हर घातलेली, कोपरे मातीनं लाल झालेले. लावणीची तारीख, पाऊस कुठल्या दिवशी लागला, वेल कधी उचलली. (वेल जमिनीला टेकली की पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटतात आणि बारकी बारकी रताळी धरून खालचं मोठं होत नाही, म्हणून मधनंमधनं वेल उचलून परतायची.) एका पानावर लिहिलं होतं, 'गणपतीच्या सुट्टीत मातीची भर द्यायची राहिली. पाऊस पण थांबला. दोन नंबरला भेगा पडल्या.' कुणी खाडाखोड करून चांगलं लिहिलेलं नव्हतं, राहिली म्हणजे राहिली.

मग काढणी सुरू झाली. सातवीतली एक मुलगी वेल कापत होती, कापलेल्या जागी पांढरा चीक यायचा आणि घटकाभरात तिची बोटं काळी पडली, साबणानं पण लवकर जात नाही ते. मागनं मुलगे टिकावानं वरंबा फोडत होते, पण लांबनं घालायचे, रताळ्याला लागू नये म्हणून, आणि शेवटी हातानंच माती उकरायची. दोन नंबरचं एक चांगलं मोठं रताळं तिनं पुसलं आणि माझ्यासमोर धरलं. सालीवर टाचणीनं टोचल्यागत भोकं. मी म्हटलं, वरचंच असेल की. तिनं विळ्यानं मधोमध चिरलं तर आत काळपट बोगदे आणि एक पांढरी अळी. "भेगेतनं भुंगा आत गेला मॅडम. हे उकडलं तर कडू लागतंय. म्हशीला पण घालायचं न्हाई." मग ते वेगळ्या बुट्टीत टाकलं आणि वहीत 'किडकी' असा रकाना होता त्यात वजन गेलं. भर राहिली, भेग पडली, भुंगा गेला, एवढी मोठी साखळी त्या पोरीनं चिरलेलं रताळं हातात धरून सांगितली आणि त्यातली पहिली चूक त्यांची स्वतःची होती हेही सांगितलं. पुस्तकातला कीड नियंत्रणाचा धडा मी पण पाठ केला होता, मला त्यातलं एक वाक्य आठवत नाही.

वजनाला ताणकाटा होता. शेणखताचा वरंबा ११ किलो भरला, गांडूळखताचा १०, काहीच न घातलेला ७ आणि युरियाचा साडेपाच. पोरं गप्पच झाली, कारण तीन नंबरची वेल सगळ्यात हिरवीगार होती आणि सगळ्यांनी पैज त्याच्यावर लावलेली. वेलीचं वजन केलं तर तीच सगळ्यात जास्त.

तिथं एक मामा उभे होते, त्याच मुलीचे वडील, शाळेच्या एसडीएमसीवर, म्हणजे पालकांच्या देखरेख समितीवर आहेत. दोन वर्षांमागं मीटिंगमध्ये ह्यांनीच विरोध केला होता म्हणे. मला पण म्हणाले, "ताई, आमी जलमभर ढेकळं फोडली. पोरीनं तेच करावं म्हणून शाळंत घातलं न्हाई." मला हे अगदी पटतं, ज्यानं उन्हात राबून काढलंय त्याला शेतीचं कौतुक बाहेरच्यानं सांगू नये. पण बाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही, त्यांना काढणीला बोलवलं आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, मामा, हे असं का झालं? मामा खाली बसले, वेल हातात घेतली. "युरिया लई झाला. सगळा जोर पाल्यात गेला, खाली काय उरतंय?" मुलीनं ते वहीत लिहिलं आणि पुढं कंसात 'बाबांनी सांगितलं'. घरी ती त्यांच्या हाताखाली काम करते, तिथं विचारायला वेळ कुणाला असतो, पेरणी चुकली तर वर्षाचं नुकसान. शाळेच्या वरंब्यावर चुकता येतं, आणि का चुकलं ते तिला बापाला विचारता येतं. मला हेच बघायला मिळालं आणि म्हणून हे सगळं लिहायला बसले. मामा जाताना एवढंच म्हणाले, "पण रोज न्हाई हं बाई." आठवड्याला दोनच तास ठरलेत, त्याच्यावर बाई जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी खानापूरकडं एका शाळेत गेले, तिथं भाताची छोटी खाचरं होती पण गव्यांनी रात्रीत तुडवलेली, मुलं कुंपणाच्याच कामात होती, फार बोलणं झालं नाही.

परत यायच्या आधी मावशीला घेऊन हुदलीला जाऊन आले. स्वातंत्र्यसैनिक गंगाधरराव देशपांडेंचं हे गाव, खादीचं काम अजून चालतं. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष गांधीजी होते, आणि १९३७ साली गांधी सेवा संघाच्या बैठकीसाठी ते ह्याच हुदलीला येऊन राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत त्यांनी नई तालीम मांडली, हाताच्या कामातनं शिक्षण. आणि तिकडं उत्तरेला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, 'कमवा आणि शिका' म्हणत मुलं शिकवली. म्हणजे हा विचार आपल्या ह्या पट्ट्याला नवा नाही. मधल्या काळात त्याचं कार्यानुभवाच्या तासाला गवत काढणं कसं झालं ह्याचं मात्र मला वाईट वाटतं.

आता एक काम आहे. पुढच्या वर्षी पोरांना दोन वरंब्यांवर केशरी गराचं रताळं लावून बघायचंय, ज्यात बीटा कॅरोटीन असतं, तिरुवनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेची 'भू सोना' ही जात त्यातलीच. बाजूला आपलं गावठी लावायचं, वजन करायचं आणि शाळेत स्वयंपाक करणाऱ्या अक्कांकडनं दोन्ही उकडून घेऊन चव बघायची असं वहीत लिहूनही ठेवलंय. पण वेल मिळत नाहीये. कोल्हापूर, चंदगड, गडहिंग्लज किंवा धारवाडकडं कुणाच्या रानात ही जात असेल तर कळवा, वीतभर लांबीचे, तीनचार डोळ्यांचे पन्नास तुकडे पुरे. मार्चपर्यंत मिळाले तर शेवग्याच्या सावलीला रोप करून जूनमध्ये लावता येतील, न्यायला मी स्वतः येते.