डिसेंबरातला भिजका कांदा

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये मी एका गाळ्यावर हिशेब बघतो. १ डिसेंबर २०२१ला वही बाजूलाच राहिली. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा, त्यात पश्चिमी झंझावाताची भर. ऐन थंडीत दिवसभर पावसाची झड लागली होती.

पावसाळ्याचं आम्हाला काही वाटत नाही. तेव्हा ताडपत्र्या आधीच काढून ठेवलेल्या असतात आणि बाजारात असतो कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा. त्याची मान वाळलेली, पापुद्रे जाड, थोडंफार पाणी तो सोसतो. डिसेंबरातला लाल कांदा नुकता शेतातून आलेला. साल पातळ, मान अजून ओलसर, शिवाय तो मुळातच टिकाऊ नाही. मानेतून पाणी उतरलं की वरून ठणठणीत दिसतो आणि दोन-तीन दिवसांत आतून सडायला लागतो. म्हणून हा अवकाळी पाऊस मला जुलैच्या धो-धो पावसापेक्षा जास्त भीतीदायक वाटतो.

रात्री ओतूरकडून माळशेज उतरून एक गाडी आली. घाटातल्या वाऱ्याने ताडपत्री फाटली होती. बारदान पिळलं तर पाणी गळत होतं. मालाबरोबर स्वतः शेतकरी आले होते, साठीचे काका, डोक्यावर खताच्या रिकाम्या गोणीची खोळ. एका खरेदीदाराने गाडीकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "सगळा भिजका धरा." भावही तसाच पाडून मागितला.

काका माझ्याजवळ आले. "काट्यावर पाण्याचं वजन येईल ते वजा करा साहेब, मला त्याचे पैसे नकोत. पण चांगला कांदा सडक्यात नका घालू."

आमच्या शेठनी सौदा थांबवला. गोण्या तशाच थप्पीला लावल्या असत्या तर आतल्या उबेने सकाळपर्यंत चांगलाही बिघडला असता. सगळ्या गोण्या फोडून माल पसरायचा ठरलं. माथाड्यांची टोळी दिवसभर राबून दमलेली. मुकादम जावळीकडचे. ते एवढंच म्हणाले, "आमची बी शेतं हायत," आणि कमरेला पंचा आवळला. शेजारच्या गाळ्यांवरून पंखे मागून आणले.

मग निवड सुरू झाली. कांदा हातात घ्यायचा, मानेवर अंगठा दाबायचा. टणक लागली तर पंख्याखाली, अंगठा रुतला तर बाजूला. मीही बसलो. हात गारठून बोटांना कळेनासं झालं की चहाच्या ग्लासाला धरून ऊब घ्यायची आणि पुन्हा कांद्याला लागायचं. काका तर मान वरही करत नव्हते, नुसते निवडत होते.

पहाटे त्यांना गावाहून फोन आला. त्यांच्या रानात खतासाठी एका मेंढपाळ पाव्हण्याच्या मेंढ्या बसवल्या होत्या. ओली लोकर आणि वरून गार वारा, त्यातल्या काही काकडून मेल्या होत्या. त्या पावसात जुन्नर, आंबेगाव भागात शेकडो मेंढ्या दगावल्या. काका फोनवर मुलाला सांगत होते, "कोकरं घरात घे. ओटीवर जाळ कर. पाव्हण्याला एकट्याला रानात ठेवू नको." फोन ठेवून ते परत कांद्यावर बसले. मला त्यांच्याशी काय बोलावं सुचलं नाही.

उजाडेपर्यंत बराचसा माल चांगला निघाला. तो सुक्या बारदानात भरला, त्याला त्या दिवसाचा रास्त भाव आला. मऊ कांदा हॉटेलवाल्यांनी लगेच वापरायला कमी भावात उचलला. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब, मी दोन ओळींत केली, दोन्ही भाव वेगवेगळे. काकांनी ती वाचून घेतली आणि बंडीच्या खिशात घातली.

दुपारी मी गाळ्याच्या इतर शेतकऱ्यांना फोन लावत बसलो. जमिनीतली जास्तीची ओल उतरून वाफसा येईपर्यंत कांदा उपटू नका. उपटलेला असेल तर पातीसकट सुकू द्या, बोटभर मान ठेवूनच कापा. ढगाळ हवेत करपा रोग येतो, पातीकडे लक्ष ठेवा. आणि गाडी भरताना ताडपत्री दुहेरी टाका, डिसेंबर असला तरी.